उपचार थांबले, तरी सेवा थांबू नये



परळमध्ये थोड्याशा परिसरात चार मोठी रुग्णालये उभी आहेत. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि केईएम ही १९२६ सालची, बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ सालचे आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालचे. लालबाग-परळच्या गिरणगावातील कामगारांच्या पिढ्यान्‌पिढ्या या भागात जन्मल्या. कोकणातून, खानदेशातून, मराठवाड्यातून आजही माणसे आपली आजारी मुले घेऊन याच दारांशी येतात. येथे जन्मलेली बहुतेक बालके चार-सहा दिवसांत घरी जातात, पेढे वाटले जातात, बारसे होते. आजचा विषय मात्र त्या थोड्या बालकांचा आहे, ज्यांच्या वाट्याला मोजके तास, मोजके दिवस किंवा मोजके महिनेच आलेले असतात.

अशी बालके कोणती? कुणाच्या मेंदूचा आणि कवटीचा मोठा भाग गर्भातच घडलेला नसतो. कुणाची दोन्ही मूत्रपिंडे तयार झालेली नसतात. कुणाच्या पेशींत तेराव्या किंवा अठराव्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते आणि त्यामुळे हृदय, मेंदू, श्वसन असे सगळेच अपुरे राहते. अशा बालकांपैकी बहुतेकांचा पहिला वाढदिवस होत नाही. काही बालके सहाव्या महिन्यातच जन्मतात आणि त्यांची फुप्फुसे हवा पेलू शकत नाहीत. काही पूर्ण दिवसांची असतात, पण जन्माच्या वेळी गुदमरल्याने त्यांच्या मेंदूला भरून न येणारी इजा होते. वैद्यकशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत नवजात बालकांना वाचविण्यात अचाट प्रगती केली आहे. तरीही सर्व प्रयत्न संपतात असा एक क्षण काही कुटुंबांच्या वाट्याला येतोच.

त्या क्षणी बहुधा एकच वाक्य उच्चारले जाते : ‘आता काही करता येण्यासारखे नाही.’ हे वाक्य बोलणारा डॉक्टर निष्ठुर नसतो. बारा-बारा तास राबून तो थकलेला असतो. परंतु हे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. बालक बरे करता येणार नाही, एवढेच खरे असते. त्याची वेदना कमी करता येते, धाप शमवता येते, त्याला आईच्या कुशीत देता येते, त्याच्या आई-वडिलांना उभे राहण्याचे बळ देता येते. या सर्व कामाला वैद्यकशास्त्रात ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात. मराठीत त्याला ‘उपशामक सेवा’ हा शब्द रूढ होत आहे. मूळ शब्दाची व्युत्पत्ती लॅटिन भाषेतील ‘पॅलियम’ या शब्दाकडे जाते. त्याचा अर्थ अंगावर पांघरायचे वस्त्र. थंडी हटविता आली नाही तरी पांघरूण घालता येते, इतका साधा आणि इतका मोठा हा विचार आहे.

चरकांचे चार पाद

ही सेवा एकट्या डॉक्टरची नाही, ती चमूची आहे, असे आधुनिक शास्त्र आग्रहाने सांगते. भारतीय परंपरेला हे नवीन वाटण्याचे कारण नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. यात परिचारकाला स्वतंत्र स्थान आहे, त्याचे गुणही सांगितले आहेत. त्याला शुश्रूषेचे ज्ञान हवे, दक्षता हवी, शुचिता हवी आणि रुग्णाविषयी अनुराग हवा. प्रेम हा गुण वैद्यकग्रंथाने पात्रतेच्या यादीत घालावा, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

त्याच संहितेत असाध्य व्याधींचे दोन प्रकार केले आहेत. त्यांतील ‘याप्य’ म्हणजे समूळ बरा न होणारा, पण पथ्य आणि उपचारांनी सांभाळता येणारा. दुसरा प्रकार सर्वस्वी उपायांपलीकडचा. अशा रुग्णावर उपचार करू जाणाऱ्या वैद्याची कीर्ती आणि विद्या यांची हानी होते, असा इशाराही तेथे आहे. हे लपविण्याचे कारण नाही. त्या काळच्या वैद्यापाशी असाध्य रुग्णासाठी जी साधने नव्हती, ती आज आहेत. म्हणून परंपरेतील ‘अनुराग’ घ्यावा आणि ‘उपायांपलीकडचा’ या शब्दाचा अर्थ आजच्या ज्ञानाने नव्याने लावावा, हेच परंपरेचे खरे पालन होय.

चौथा पाद रुग्णाचा. आपली पीडा वैद्याला सांगता येणे हा त्याचा एक गुण मानला आहे. नवजात बालकाला नेमके तेच जमत नाही. मग त्याची वेदना कोणी ओळखायची?

न बोलणाऱ्याची वेदना

१९८०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य वैद्यकातही एक समजूत दृढ होती. नवजात बालकाची मज्जासंस्था अपरिपक्व असते, त्यामुळे त्याला वेदना फारशी जाणवत नाही, असे मानले जाई. अकाली जन्मलेल्या बालकांवरील शस्त्रक्रियासुद्धा अत्यल्प भूल देऊन केल्या जात. या समजुतीला निर्णायक धक्का देणारे डॉ. कंवलजीत सिंग आनंद हे इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले भारतीय. अपुरी भूल दिलेल्या बालकांच्या रक्तात तणावाची संप्रेरके किती उसळतात आणि पुरेशी भूल दिली की शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कशी घटते, हे त्यांनी ऑक्सफर्ड येथे दाखवून दिले. १९८७ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि जगभरातील नवजात विभागांची पद्धत बदलू लागली.

आज प्रशिक्षित परिचारिका बालकाची वेदना वाचते. कपाळावरची आठी, घट्ट मिटलेले डोळे, नाकाच्या कडेने ओठांकडे उतरणारी रेघ, वळलेल्या मुठी, वाढलेले ठोके आणि घटलेला प्राणवायू यांवर गुण देऊन ती वेदनेचे मोजमाप करते. त्यावर इलाज आहेत. टाच टोचण्यापूर्वी आईचे दूध पाजणे किंवा जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडणे, मऊ कापडात गुंडाळणे, आईच्या उघड्या छातीवर ठेवणे हे साधे उपायही परिणामकारक ठरले आहेत. तीव्र वेदनेसाठी आणि धाप लागल्यास मोजून-मापून दिलेले मॉर्फिन आहे. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे अतिशय कठीण झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट थोडी मोकळी झाली. औषध कायद्याने मिळू लागले तरी ते कसे वापरावे याचे शिक्षण प्रत्येक रुग्णालयात पोहोचावे लागते, ते काम अजून बरेच शिल्लक आहे.

चमू म्हणजे कोण?

नवजात बालकाच्या उपशामक सेवेत प्रत्येकाचे काम ठरलेले असते. नवजातरोगतज्ज्ञ निदान आणि भवितव्य स्पष्ट करतो. उपशामक सेवेचा डॉक्टर वेदना, आचके, धाप यांचे नियोजन करतो. परिचारिका चोवीस तास बालकाजवळ असते आणि आई-वडील जे प्रश्न डॉक्टरला विचारायला कचरतात ते तिला विचारतात. समुपदेशक आई-वडिलांशी स्वतंत्रपणे आणि एकत्र बोलतो. वैद्यकीय समाजसेवक खर्च, राहण्याची सोय, गावी परतण्याची व्यवस्था पाहतो. कुटुंबाची इच्छा असेल तर त्यांचे गुरुजी किंवा श्रद्धेय व्यक्तीही या चमूचा भाग होते. आणि चमूचा केंद्रबिंदू असतो आई.

आईला आत घेण्याचे महत्त्व मुंबईने फार पूर्वी जाणले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात विभागात मातांना बालकांच्या शुश्रूषेत सहभागी केले आणि १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पुढे त्यांनीच ‘स्नेहा’ ही संस्था उभी केली. कन्येच्या निधनानंतर तिच्या नावाने २०१७ साली त्यांनी वांद्र्यात उपशामक सेवेचे केंद्र आरंभले. नवजात बालकांना वाचविण्यात आयुष्य घालवलेल्या तज्ज्ञाने उत्तरायुष्यात या सेवेकडे वळावे, यातच दोन्ही कामे एकाच वृक्षाच्या फांद्या आहेत हे दिसते.

या चमूने कामाला लागण्याची वेळही महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली केलेल्या व्याख्येनुसार मुलांची उपशामक सेवा निदान झाल्या दिवसापासून सुरू व्हावी, रोगावरचे उपचार चालू असोत वा नसोत. अनेक दोष गर्भारपणाच्या मध्यावर होणाऱ्या सोनोग्राफीतच कळतात. तेव्हापासूनच चमू कुटुंबाशी बोलू लागला तर प्रसूती कोठे करायची, बालकाला व्हेंटिलेटर लावायचा की नाही, ते जितका वेळ असेल तितका वेळ कोणाच्या कुशीत असावे, हे सारे शांतपणे ठरवता येते. ऐन प्रसूतीच्या धावपळीत, मध्यरात्री, एका कागदावर सही करून ठरविण्याच्या या गोष्टी नव्हेत.

परळने रचलेला पाया

भारतातील पहिले हॉस्पिस, म्हणजे असाध्य रुग्णांचे सेवागृह, १९८६ साली डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्र्यात सुरू केले, ते ‘शांती आवेदना सदन’. टाटा स्मारक रुग्णालयात उपशामक सेवेचे काम १९९६ साली सुरू झाले आणि २००२ पासून मुलांसाठी वेगळी सेवा आकाराला आली. डॉ. मेरी अ‍ॅन मुकादेन यांचे त्यात मोठे योगदान आहे. २०१० नंतर महाराष्ट्रात मुलांच्या उपशामक सेवेचा एक प्रकल्प राबविण्यात आला आणि तो जव्हारसारख्या वनवासी भागातील रुग्णालयापर्यंत गेला. ज्या पाड्यावरून दवाखाना गाठायलाच अर्धा दिवस लागतो, तेथील बालकालाही वेदनामुक्तीचा हक्क आहे, हे त्यातून अधोरेखित झाले.

परळच्या परिचारिकांची परंपरा तर देशाला ठाऊक आहे. १९७३ साली अत्याचाराला बळी पडलेल्या अरुणा शानबाग यांची केईएमच्या परिचारिकांनी २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे सेवा केली. अंथरुणाला खिळलेल्या त्या रुग्णाची निगा परिचारिकांच्या एका पिढीने दुसरीच्या हाती सोपविली. बरे होण्याची आशा नसलेल्या माणसाशी कसे वागावे, याचा याहून मोठा पाठ कोणत्या पुस्तकात मिळणार?

एवढे असूनही उणीव राहते ती जोडणीची. उपशामक सेवा आपल्याकडे कर्करोगाच्या वाटेने आली. नवजात बालकांचे आजार वेगळे आणि त्यांचा काळ फार थोडा. प्रसूतिगृह, नवजात विभाग, जनुकतज्ज्ञ आणि उपशामक सेवा हे सारे एकाच वस्तीत असले, तरी त्यांना एका बालकाभोवती त्याच दिवशी एकत्र आणणारी व्यवस्था लागते. भारतीय बालरोग अकादमीने २०१७ साली बालकांच्या अंतिम काळातील सेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिशा ठरली आहे. तिचा अंमल प्रत्येक विभागात दिसावा, एवढेच मागणे आहे.

दोन टोकांमधली वाट

२००८ साली मुंबईतील एका दांपत्याचा खटला देशभर गाजला. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला, तेव्हा त्या वेळच्या कायद्याची वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. उच्च न्यायालयाने ऑगस्ट महिन्यात गर्भपाताची परवानगी नाकारली. वृत्तपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून घनघोर वाद झाले. गर्भाचा जगण्याचा हक्क मोठा की मातेचा निर्णयाचा, एवढाच प्रश्न विचारला गेला. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवडे झाली आणि गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही परवानगी देता येऊ लागली. त्या गदारोळात एक प्रश्न मात्र मागेच राहिला : ते बालक जन्माला आले, तर त्या दांपत्याच्या पाठीशी उभे कोण राहणार होते? ‘जन्म द्या’ असे सांगणाऱ्या समाजावर जन्मानंतरची जबाबदारीही येते. तशी सेवा उपलब्ध नसेल तर उपदेश पोकळ ठरतो.

दुसरे टोक युरोपात दिसते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे २००४ साली असह्य यातना असलेल्या नवजात बालकाचे आयुष्य संपविण्याविषयी नियमावली तयार झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये बेल्जियमच्या संसदेने दयामरणाच्या कायद्यातील वयाची अट काढून टाकली. योगायोग असा की, त्याच आठवड्यात मुलांच्या उपशामक सेवेची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली होती. जगभरातून आलेल्या त्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी ‘मुंबई घोषणापत्र’ काढले. दयामरण हा मुलांच्या उपशामक सेवेचा भाग नाही आणि तिला पर्यायही नाही, प्रत्येक मुलाला वेदनाशमनाची सेवा मिळालीच पाहिजे, अशी भूमिका त्यात घेतली आणि बेल्जियमला फेरविचाराचे आवाहन केले. मुंबईच्या नावाने जगाला गेलेला हा संदेश मुंबईकरांपैकी फारच थोड्यांना माहीत असेल.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. आयुष्य मुद्दाम संपविणे वेगळे आणि ज्या यंत्राचा बालकाला काडीचा उपयोग नाही, ज्याने केवळ यातना लांबतात, ते यंत्र विचारपूर्वक न लावणे वेगळे. अशा निष्फळ उपचारांपासून थांबण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली खुला केला आणि २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी केली. नवजात बालक स्वतःची इच्छा सांगू शकत नाही. म्हणून त्याचे हित कशात आहे हे आई-वडील आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवावे लागते. निसर्गाने दिलेला काळ तोडायचा नाही आणि ताणायचाही नाही. तो सुखाचा करायचा, ही उपशामक सेवेची वाट आहे.

घर, चाळ आणि सोसायटी

काही बालके घरी जाऊ शकतात. नाकातून घातलेल्या नळीने दूध कसे द्यायचे, घशातला स्राव कसा काढायचा, आचका आला तर कोणते औषध किती द्यायचे, हे आई-वडिलांना शिकविले जाते. त्यांच्या हाती रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक हवा आणि जवळच्या डॉक्टरसाठी सविस्तर पत्र हवे. या पत्राचे महत्त्व शेवटच्या दिवशी कळते. घरी मृत्यू झाल्यास डॉक्टरच्या दाखल्याशिवाय अंत्यसंस्कार होत नाहीत. बालकाला ओळखणारा डॉक्टर नसेल, तर ते निष्प्राण बाळ घेऊन बापाला दारोदार फिरावे लागते.

गिरगाव-लालबागच्या चाळीत खोली दहा बाय बाराची असे, पण बाळंतिणीच्या घरी समोरच्या काकू डबा देत, मोठ्या मुलाला शेजारच्या आजी सांभाळत. अर्थात त्याच चाळीत बोचरे शब्दही ऐकू येत. आता चाळींच्या जागी उंच इमारती येत आहेत. खोल्या वाढल्या, दारे बंद झाली. ज्या घरात असे बालक आहे त्या घराचे दार ठोठावणारा शेजारी आज मुद्दाम घडवावा लागेल.

बोचरे शब्द कोणते, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘ग्रहणात काही चिरलेस का?’ ‘कुणाची दृष्ट लागली असेल.’ ‘हिच्याच माहेरी काहीतरी असेल.’ जादा गुणसूत्र हा बहुतांश वेळा पेशीविभाजनातील अपघात असतो. त्यात आईचा दोष नसतो, बापाचा नसतो, ग्रहणाचा तर नाहीच नाही. चमूतील कुणीतरी हे वाक्य सासू-सासऱ्यांसमोर स्पष्टपणे उच्चारणे हाही उपचारच आहे.

दुःखाला जागा

अर्भकाला अग्नी न देता पुरावे, अशी रूढी बहुतेक घरांत आहे. विधी फारसे नसतात. त्यामुळे शोकही फारसा नसावा, असे नकळत गृहीत धरले जाते. ‘विसरून जा, दुसरे होईल,’ असे म्हणणाऱ्याच्या मनात माया असते. पण त्या मातेला ऐकू येते ते इतकेच की तिचे बाळ हे बाळच नव्हते. तिच्या शरीराला तर काहीच कळवलेले नसते. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा येतोच. तेव्हा थंड घड्या ठेवाव्यात, अवघडल्यापुरतेच दूध काढावे, डॉक्टरचा सल्ला घ्यावा, हे सांगणारी परिचारिका त्या दिवशी देवासारखी वाटते.

म्हणून चमू काही साध्या गोष्टी करतो. बाराव्या दिवसाची वाट पाहण्याइतका अवधी नसेल, तर विभागातच बाळाचे नाव ठेवले जाते. आजीने शिवलेले झबले घालू दिले जाते, पावलांचे ठसे घेतले जातात, कुटुंबाची इच्छा असल्यास एखादे छायाचित्र काढले जाते. थोरल्या भावंडाला बाळ दाखवले जाते. नंतर काही आठवड्यांनी कुटुंबाची विचारपूस होते, पुढील गर्भारपणाआधी जनुकतज्ज्ञाचा सल्ला दिला जातो. दोन दिवसांनी कामावर रुजू झालेल्या वडिलांनाही कुणीतरी आवर्जून विचारते : ‘तुम्ही कसे आहात?’ आणि रोज हे पाहणाऱ्या परिचारिकांनी, डॉक्टरांनी एकत्र बसून मन मोकळे करावे, याचीही सोय करावी लागते.

समाजाचा वाटा

परगावाहून आलेल्या रुग्णांच्या आधारासाठी परळमध्ये नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून उभी आहे. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. ओळखदेख नसलेल्या माणसाला निवारा आणि जेवण देणारी ही सेवा म्हणजे चमूचाच विस्तार होय. या विस्ताराला अजून पुष्कळ हात हवे आहेत. निवृत्त परिचारिका आठवड्यातून दोन दुपारी एखाद्या घरी जाऊ शकते. गाडी असलेला तरुण बालकाला तपासणीला नेऊ-आणू शकतो. गृहिणी त्या घरच्या थोरल्या मुलाचा अभ्यास घेऊ शकते. मंडळे आणि न्यास एखाद्या समुपदेशकाच्या वेतनाचा भार उचलू शकतात. ज्याला यांपैकी काहीच शक्य नाही, त्याने त्या घरी जाऊन अर्धा तास शांत बसावे आणि बाळाचे नाव घेऊन बोलावे.

आयुष्याची लांबी कुणाच्याच हाती नाही. तीन दिवसांचे आयुष्य घेऊन आलेल्या बालकाचे ते तीन दिवस म्हणजे त्याचे संपूर्ण आयुष्य असते. ते वेदनेत जावे की आईच्या उबेत, हे पुष्कळ अंशी भोवतालच्या माणसांवर अवलंबून असते. यापुढे परळच्या, दादरच्या, गिरगावच्या कोणत्याही रुग्णालयात ‘आता काही करता येण्यासारखे नाही’ हे वाक्य ऐकू येऊ नये. त्या जागी ‘बाळ बरे होणार नाही, पण आम्ही सारे तुमच्याबरोबर आहोत’ हे वाक्य यावे, आणि त्यातील ‘सारे’ या शब्दात डॉक्टरांबरोबर समाजही असावा.